चवीपुरतं

पहाटे अडीचला उठून मी रस्त्यावरचा बर्फ ढकलतो.
एकतीस हिवाळे झाले.
योकोतेच्या वरच्या अंगाला बर्फ खिडक्यांच्या वर जातो,
आणि यंत्राच्या केबिनमध्ये, माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये,
कपातले नूडल्स वाफाळत असतात.
रस्सा तळापर्यंत. तळ दिसला की मगच गिअर.

आमच्याकडे थंडीला एकच उत्तर, खारट.
खारवलेला सामन, धुरावर धरलेल्या मुळ्याचं लोणचं,
चहासोबत लोणचं, लोणच्यावर चहा,
मिसोचं सूप तीन वेळा.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही.
माझा भाऊ योइची इतका जागला
की आता हसताना
त्याच्या तोंडाचा डावा कोपरा मागेच राहतो.

दवाखान्यातून चिनात्सु नावाची नर्स आली,
माझ्या मुलीहूनही लहान.
आमच्या पातेल्यात तिनं एक काडी बुडवली.
काडीच्या डोक्यावर आकडा उगवला.
फुमिएनं घाईघाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं,
जसं काही आमचं भांडण कुणी ऐकलं होतं.

पोरगी रागावली नाही.
म्हणाली, एकदम सोडू नका,
एकदम सोडणारे एकदम परत येतात.
वाडग्यात एक घोट शिल्लक ठेवा.
बाकीचं पुढच्या महिन्यात.

एक घोट!
अर्धा रस्ता तसाच ठेवून मी कधी घरी आलेलो नाही.
पहिल्या रात्री तो घोट मी मोरीपर्यंत नेला
आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.
दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या रात्री ओतला,
आणि मोरीत तोंड फिरवून उभा राहिलो
कुणाला तरी गाडीत बसवून आल्यासारखा.

मग दोन घोट.
मग लोणच्याच्या पाच चकत्यांच्या चार,
पण पातळ कापलेल्या, म्हणजे मोजायला पाचच.
नववर्षाला योइचीच्या घरी
आख्खा मुळा संपवला मी, खोटं कशाला बोलू.
तो बघत होता. काही बोलला नाही.
परतताना मला पाण्याचा नळ पुरेना.

फेब्रुवारीत सूप फारच पांचट लागायला लागलं.
मी गप्प. कारण चोरी माझीच होती:
फुमिए पाठमोरी झाली की
मी वाडग्यात गरम पाण्याची धार सोडत होतो.
एका सकाळी ती अचानक वळली.
माझ्या हातात किटली,
तिच्या हातात मिसोचा चमचा, पाऊणच भरलेला,
महिनाभर पाऊणच भरत होती म्हणे,
मला कळू नये म्हणून.
दोघांनी मिळून आम्ही
नुसतं कढत पाणी पीत होतो
आणि एकमेकांना सांगत होतो, आज छान झालंय.
इतकी हसली ती, की तिला खाली बसावं लागलं.

त्यानंतर चमचा तिचा. किटलीला माझा हात नाही.

परवा स्टेशनजवळ, गोन्पाच्याच्या दुकानात,
तोच जुना वाडगा मागवला.
पहिल्याच घोटाला जीभ भाजल्यासारखी झाली.
विचारलं, मीठ वाढवलंस का रे?
तो दुखावला. बापाच्या मापानं करतो म्हणाला,
चाळीस वर्षांत दाणा इकडचा तिकडे नाही.
मी नूडल्स खाल्ले, रस्सा तसाच ठेवला,
आणि पैसे देताना
उगाचच दोनदा वाकलो.

आज अंगणातला बर्फ उकरून
फुमिएनं कोबी काढला,
शरदात मुळासकट निजवलेला.
नुसता वाफवला. मी खाल्ला.
पुन्हा खाल्ला.
साखर घातलीस?
नाही म्हणाली, बर्फाखाली होतोच तो गोड,
दर वर्षी होतो.

एकतीस हिवाळे मी बर्फ ढकलतोय.

आणि मीठ?
चवीपुरतं, म्हणाली.
कुणाच्या, ते तिनं सांगितलं नाही.