आधी

मी रेषेवरचा पंच. सदतीस वर्षं
सांगली जिल्ह्यात जिथं जिथं मैदान आखलं
तिथं तिथं फक्कीनं माझे तळवे भाजलेत.
लीगवाल्यांनी बोलावलं तेव्हा गणवेश दिला,
कानात यंत्र दिलं,
आणि फक्कीच्या जागी चिकटपट्टी आली, पुसली न जाणारी.
मला वाटलं, बरं झालं.

त्या रात्री चढाई संपली होती. शिट्टी वाजली होती.
मोठ्या संघाच्या कप्तानानं
(जाहिरातीत दूध पितो तो)
पडलेल्या बिरू मासाळच्या घोट्यावर पाय दिला.
सावकाश. बघून.
माझ्यापासून चार फुटांवर.
बिरू उठला आणि त्यानं ढकललं.
कॅमेरा पोचला तो ढकलण्यापाशी.
मग बारा वेळा तेच, संथ गतीनं,
दर वेळी बिरूचे हात थोडे अधिक लांब.

मी अहवालात लिहिलं :
कप्तानाने आधी घोट्यावर पाय दिला,
नंतर क्रमांक नऊने ढकलले.

साडेअकराला फोन आला. आवाज गोड.
'सर, तुमचं मराठी फार छान. तेवढा क्रम फक्त...
दोघांत झटापट झाली, एवढं पुरे नाही का?
पुढच्या हंगामाच्या पंचांची यादी करायलाच बसलोय.'

ही धमकी नव्हती. कुणाला सांगितली तर हसतील.
मी एक शब्द खोडला.
'आधी' गेलं की 'नंतर'ला उभं राहायला जागा उरत नाही,
तेही गेलं. कोण, ते गेलं. घोटा गेला.
राहिली झटापट.
झटापटीला बाप नसतो.

समितीत तिघं, तीन शहरांत, तीन पडद्यांवर.
एकाचा आवाजच येत नव्हता.
नऊ मिनिटं.
कप्तानाला समज आणि दंड,
बिरूला दोन हंगाम बंदी. कारण : खेळाची प्रतिमा.
मागच्या वर्षी अशाच ढकलण्याला कुणाला किती मिळाली,
ते कुठंच लिहिलेलं नाही. मी शोधलं.
अपील सात दिवसांत, इंग्रजीत, शुल्क पन्नास हजार.
पत्र चुलत्याच्या फोनवर आलं,
चुलता मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या पलीकडं,
रेंज सहाव्या दिवशी.

मला कुणी काही विचारलं नाही.
बिरूलाही नाही.

परवा कवठेमहांकाळला गेलो होतो.
हायस्कूलच्या मागं बिरू पोरांचा सामना घेत होता.
गळ्यात शिट्टी, घोट्याला अजून पट्टा.
एकानं दुसऱ्याला बुक्की घातली तसा
त्यानं खेळ थांबवला, दोघांना मध्यरेषेवर उभं केलं.
'तू बोल. तू मधी बोलू नगंस. हां, आता तू.'
'दादा, आधी त्यानं केस ओढलं!'
'कुणी बघितलं?'
कडेला बसलेल्या एका पोरीनं हात वर केला.
दुसरीत असेल. नाक वाहत होतं.
तिचा हात वर जाताना
मी उगाच चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

ओढणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर, मारणाऱ्याला तीन,
आणि का, ते बिरूनं मोठ्यानं सांगितलं,
पार कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं.
मारणारा रडत होता,
पण जाऊन बसला.

चहाच्या गाड्यावर मी नोट काढली.
'ऱ्हाऊ द्या सर. पंचाचा चहा खेळाडूनं घिऊ नये,
तुमीच शिकवलंय.'
'अरे, तू आता खेळाडू कुठं...'
जीभ चावेपर्यंत वाक्य निम्मं बाहेर आलेलं.
तो हसला.
त्याचे दहा रुपये त्यानं वेगळे ठेवले.

मिरजेच्या एसटीत, खिडकीशी,
तिकिटाच्या मागं लिहून बघितलं : आधी.
दोनच अक्षरं.
एवढंसं तिकीट, तरी
खाली बरीच जागा उरली होती.