सहा प्रश्नचिन्हं

सायम्मा यमेवारनं पदराची गाठ सोडली
आणि काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला,
सुपारीच्या खांडाशेजारी बांधून आणलेला.
"आठ सालच्या लग्नातली आहेराची यादी हाय, बाई.
आता नातीचं जमलंय. ज्याचं त्याला परत करायला पायजे.
कोणी काय दिल्तं ते तेवढं काढून दे."

देगलूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान,
पाटीवर तीन लिप्या, पेंटर एकच.
फाइल उघडली.
डोक्यावर दोन टिंबं घेतलेले ओ,
शेपटीवाले सी, परदेशी नाण्यांच्या खुणा.
ती घाबरली. "किडे पडले का गं?"

मी नाही घाबरले. जुना फाँट हा.
इंग्रजीच्या खुर्चीत बसून मराठीचं सोंग करायचा.
सोंग उतरलं, खुर्ची राहिली.
पहिली ओळ 'श्री गणेश प्रसन्न' असणार, अजून काय असणार?
तिच्यावरून श सुटला, ण सुटला, प सुटला.
पुढं ताट, वाटी, तांब्या, साडी खण नारळ
यांनी आपापली अक्षरं आणून दिली.
ऱ्या तेवढा अडला. पापणीचा रफार झाला
आणि 'आचाऱ्यास तीनशे एक'चं
'आचार्यास तीनशे एक' होऊन आलं.
सायम्मा हसली, "ऱ्हाऊ दे. भात चांगला केल्ता त्यानं."

एक्केचाळिसाव्या ओळीवर:
??????   पितळी घंगाळ १

इथं माझा हात थांबला.
गिचमिडीत अक्षर लपून तरी असतं.
इथं कुणीच नव्हतं.

हे नाव तेलुगूत होतं.
तिच्या नवऱ्याचा हट्ट, जिनिंगमधला कारकून तो,
ज्याचं नाव ज्या लिपीतलं, तसंच टाक म्हणायचा.
मी कामाला नवीन.
सेव्ह करताना छोटी खिडकी उघडली होती,
काही अक्षरं टिकणार नाहीत म्हणत होती.
दोन वाजून गेले होते, डबा उघडायचा होता.
मी ओके दाबलं.

हे लगेच नाही सांगितलं तिला.
म्हटलं, मोजून बघू.
प्रत्येक खुणेला एक प्रश्नचिन्ह पडतं,
कान्याला वेगळं, हलंताला वेगळं.
तेलुगूत शेवटचा काना लिहीत नाहीत, तो धरायचा नाही.
नाव सहा खुणांचं.

तिनं बोटं उघडली.
"लिंगन्ना?" सात.
"लक्ष्मय्या?" नऊ होतात, सायम्मा.
"पोशन्ना?"
प, ओकार, श, न, हलंत, न.
सहा!
बोधनला गेलेला पोशन्ना, मागावरचा जोडीदार, परसाल वारला.
मग बराच वेळ ती पंख्याकडं बघत बसली
आणि नको असल्यासारखं म्हणाली, "राजन्ना?"
र, काना, ज, न, हलंत, न.
तोही सहा.
राजन्ना म्हणजे चुलत दीर. मधल्या भिंतीवरून
अकरा वर्षं बोलणं बंद.

तेव्हा मी सांगून टाकलं. खिडकी, डबा, ओके.
ती रागावेल असं वाटलं होतं.
सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाली,
"तू ओके केलीस,
आन् आता मला राजन्नाच्या दारात जावं लागलालं.
लिही. घंगाळ दोन."

नवी यादी केली.
रझियाखालांचं नाव उर्दूत पाहिजे म्हणाली,
नवऱ्यानं तसंच टाकलं असतं.
कर्सर उजवीकडून चालायला लागला,
दोनशे एक्कावन्न उडी मारून
नावाच्या पलीकडं जाऊन बसले,
त्यांना हाताला धरून जागेवर आणलं.
राजन्नाचं, पोशन्नाचं नाव तेलुगूत,
मला वाचता येत नाही, तिनं बोट ठेवून तपासलं.

सेव्ह केलं. या वेळी युनिकोडमध्ये.
खिडकी उघडली नाही, कुणी काही विचारलं नाही.
तरी मी जरा वाट पाहिली,
फाइल बंद केली, पुन्हा उघडून बघितली,
आणि एक प्रत कागदावर काढून
तिच्या गाठीत बांधून दिली.