हातभर लोकर

एप्रिलचा दुसरा आठवडा. सारेमा बेटावर
बर्फ आता उरलंय फक्त दगडी कुंपणांच्या उत्तर बाजूला,
कुणी वाळत घालून विसरलेल्या धुण्यासारखं.
मी गाडी थांबवतो. सहा मुलं उतरतात,
बारा गमबूट, त्यातला एक डावा
रोज उजव्या पायात.

एकोणीस वर्षं मी याच रस्त्यानं गाडी हाकतोय.
आधी दूध न्यायचो, आता मुलं.
दूध कमी बोलायचं.

हेल्वे खिशातून लोकर काढते.
जुना हातमोजा उसवून केलेल्या लाल कड्या,
प्रत्येकाला एक.
"टाका कुठेही. पडेल तिथे गुडघे टेका.
आत असेल तेवढंच आज तुमचं."

नियम दोनच.
नाव येत असलं तरी सांगायचं नाही.
आणि 'का' म्हणायचं नाही,
निदान डबे उघडेपर्यंत तरी.
आधी फक्त दिसतं ते.

मिर्टेल लगेच वैतागते, "माझ्यात काहीच नाही. नुसतं गवत."
"नुसतं गवत किती रंगांचं?"
ती मोजायला बसते. बोटं संपतात,
शेजारच्या ताव्हीची बोटं उसनी घेते.

ओट्टच्या कडीत गोगलगायीचा शंख,
तोंडाशी पांढरी, टणक झाकणी.
तो कान लावतो, मग एकदम कुजबुजायला लागतो,
"कुणीतरी आतून कडी घालून झोपलंय."

लेएलोची कडी वारुळाच्या दक्षिण उतारावर.
पाइनच्या काड्यांवर मुंग्यांचा काळा, चकचकीत ढीग.
"काम करत नाहीयेत," ती सांगते,
"ऊन खातायत."

एक कडी उरते. हेल्वे ती माझ्यापुढे धरते, "तुम्हीसुद्धा."
मी हसतो. मग टाकतो, मागच्या चाकाजवळ.
चिखल. तेलाचा थेंब. त्यात इंद्रधनुष्य,
आणि काठाकाठानं वळसा घालून जाणारा
एक कोळी, तिळाएवढा.
माझी सिगारेट पेटवायची राहून जाते.

उकू मात्र उभाच.
बोलत नाही तो फारसा. नाताळात दोन वाक्यं बोलला होता,
त्यातलं एक कुत्र्याशी.
"उकू, तुझी कडी कुठे पडली?"
"तुझ्या मांडीवर," तो म्हणतो.

खरंच. तिच्या मांडीवर लाल लोकर,
आणि लोकरीच्या आत तिचा डावा हात.

"हात हलतोय," उकू सांगतो.
"वारा नाहीये. जुनिपर हलत नाही. गवत हलत नाही.
अंगठा जास्त हलतो, करंगळी कमी.
मघाशी लोकर उचललीस ना, तेव्हा थांबला होता.
ठेवलास, की परत सुरू."

कुठेतरी पाणी टिपटिपत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

जानेवारीत तिनं मला शाळेची किल्ली दिली होती.
किल्ली जुडग्यात वाजत राहिली होती, दिल्यावरही.
थंडी असेल, म्हटलं मी, आणि गाडी सुरू केली.

"छान पाहिलंस," हेल्वे म्हणाली. बऱ्याच वेळानं.
"नाव आहे त्याला. पण डब्यांच्या आधी
नावं सांगायची नाहीत ना?"

सहाही जण आले. वारुळाभोवती वाकले होते
तसेच वाकले, सहा लोकरी टोप्या एका हातावर.
कुणी शिवलं नाही.
मग मिर्टेलनं विचारलं,
"त्याला उन्हात ठेवू या?"
आणि हेल्वेनं तळवा उलटा केला,
सरकवला, सावलीतून बाहेर.

डब्यात राई ब्रेड होता, काकडी, एकाचं उकडलेलं अंडं.
तिनं नाव सांगितलं. लांबलचक निघालं.
ओट्टनं तीनदा म्हणून पाहिलं, तीनही वेळा चुकलं.
"का होतं?" लेएलो. आता विचारायची मुभा होती.
"ते मलाही नीट कळलेलं नाही," हेल्वे म्हणाली
आणि अंड्याचं टरफल काढायला
ताव्हीकडे दिलं.

परतताना आरशात मी मुलं मोजली. सहा.
पुन्हा मोजली, या वेळी चेहरे बघून.
उकू खिडकीला नाक लावून झोपलेला,
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल
येत होता, जात होता.

माझी कडी तिथेच राहिली, चिखलात.
उद्या त्याच जागी गाडी लावायची नाही.
थोडी पुढे घेईन.