मापाचा ब्लाउज

अस्तरवाल्याचं बिल म्हणून जी फाईल आली
ती मीच उघडली. रक्कमसुद्धा जवळपास तेवढीच होती.
चहा गाळून येईपर्यंत
एकेका गिऱ्हाइकाच्या नावापुढे
कुलपासारखी इंग्रजी अक्षरं लटकत चालली होती.
घाबरून मी भिंतीतलं बटणच बंद केलं.

"तेच बरं केलंत," निकेश म्हणाला.
दिवागावातल्या मढव्यांचा हा पोरगा,
ऐरोलीत, सेक्टर आठच्या माझ्या गाळ्यात
कटिंगच्या टेबलावर कॉम्प्युटरचा डबा आडवा करून बसला.
आधी नेटची वायर उपटली.
मग करंगळीएवढा पेनड्राइव्ह खोचून म्हणाला,
"त्याला उठवायचंच नाही, काकी. झोपू दे.
आपण मागच्या दारानं आत जाऊ."

फाईली सावकाश उतरत होत्या. तो बजावत होता:
जे स्वतः चालतं ते घ्यायचं नाही,
एकही प्रोग्राम नाही, कितीही ओळखीचा असला तरी.
जे नुसतं पडून असतं तेवढंच घ्यायचं.
फोटो. आकडे. नावं.

नावं मी मराठीत टाकली होती, म्हणून कळलं,
चोर अकारविल्हे चालला होता.
अनघा गेली. कुसुम, जयश्री, दोन्ही ज्योती, तबस्सुम गेल्या.
ध पर्यंत पोचला आणि मी बटण दाबलं.
नलिनी शाबूत. फुलवंती शाबूत.
सुलभा केणी शाबूत, अकरा वर्षांची:
कंबर अठ्ठावीस, तीस, चौतीस,
मग एका दिवाळीला, डावीकडे टक्स नको,
आतून कापसाचा कप.
तेव्हा आम्ही दोघी फक्त गळ्याबद्दल बोललो होतो,
मागचा गळा किती खोल.

निकेशनं सगळं दोन डिस्कांवर भरून दिलं.
दोन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत म्हणाला.
एक कळव्याला गेली, बहिणीच्या रव्याच्या डब्यामागे.
पैसे मोजताना त्याच्या बोटांना माझा निळा खडू लागलेला.

उरल्या अ ते ध.
तुमचं माप हरवलं,
हे कुठल्या तोंडानं सांगायचं?
अनघा फोनवर हसलीच. संध्याकाळी आली,
पिशवीतून विटलेला आमसुली ब्लाउज काढला,
माझ्याच हातचा, दोन हजार नऊचा,
बगलेच्या शिवणीत इंच इंच माया सोडलेला.
"मापाला आणलाय," म्हणाली,
"पण यावर जाऊ नकोस.
टेप लाव."