हजेरी

हजिऱ्याला, बंद पडलेल्या जे. सी. मिलच्या भिंतीलगत
गाडिया लोहारांच्या सात गाड्या.
चाकं मातीत रुतलेली, बैल कधीचेच विकलेले,
पण लाकडावरच्या पितळी फुल्या राखेनं घासून लखलखीत.
मी महापालिकेत, अतिक्रमण विभागात, वरिष्ठ लिपिक.
माझ्या फायलीत त्या गाड्या नाहीत,
अडथळा क्रमांक एकशे बारा ते एकशे अठरा आहेत.

मार्चात मी नोटीस चिकटवायला गेले.
डिंक होता, चिकटवायला जागा नव्हती.
गाडीला दार नसतं.

तिथे एक परदेशी बाई उकिडवी बसलेली,
चेक देशातली, रोमा, नाव मार्गिता,
पुढचा एक दात सोन्याचा.
तिचा दुभाष्या उसाचा रस प्यायला गेला
तो गेलाच.
धापूबाई भाता ओढत होती.
मार्गितानं निखाऱ्याकडे बोट केलं: याग.
धापूबाईनं, पोराला दुरुस्त करावं तसं: आग.
मग नाक धरलं: नाख.
कानाची पाळी ओढली: कान.
बाटली हलवली: पानी.
धापूबाईचा भाता थांबला.
"आ तो आपणी है," ती आतल्या सुनेला ओरडली,
"आपणी है, चाय चढा!"

चहाबरोबर शेव आली.
मार्गितानं बोटावरचं मीठ चाटलं: लोन.
आणि इतका वेळ डिंकाची बाटली धरून उभी असलेली मी
एकदम बोलून गेले, लोणचं! लोणार!
मला कुणी विचारलं नव्हतं.

मग दोघी खिळे मोजू लागल्या.
येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव,
सहापर्यंत दोन्ही आवाज एकाच चाकोरीतून.
सातला मार्गिता म्हणाली, एफ्ता.
धापूबाई थबकली.
ओख्तो. एन्या. हे कुणाचे?
ग्रीकांचे, दुभाष्यानं नंतर सांगितलं,
वाटेत मिळालेले. रस्ता हा शब्दसुद्धा वाटेतच मिळाला.
म्हणजे सहा घरून बांधून नेले होते,
हजार वर्षांपूर्वी, शिळ्या भाकरीसारखे,
आणि पुढचे तीन परक्यांच्या दारात.
पण दहाला पुन्हा घरचा शब्द.
दहाला ती म्हणाली, देश.
देश? मी विचारलं.
तिनं दहाही बोटं पसरून दाखवली.
रिकामी होती.

मग तिनं बाही वर सरकवली. हात कोरा.
कोळसा उचलून तिनं त्यावर लिहिलं
एक झेड आणि चार आकडे.
"मिरी दाय," ती म्हणाली, माझी आई,
आणि तळहात जमिनीपासून वर धरला,
एवढी होती.
बाकीच्या घराबद्दल विचारल्यावर
ती निखाऱ्याकडे बघत राहिली.
याग हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.
धापूबाईनं स्वतःच्या हातावरचं गोंदण पाहिलं,
मोर, विंचू, बापाचं नाव.
पदर ओला करून
तिनं मार्गिताचा हात पुसला. जोरात. दोनदा.

आमच्या घरी, लष्करात, अजून कौतुकानं सांगतात,
पणजोबांचं मोडी अक्षर काय वळणदार!
संस्थानात ते हजेरीनवीस.
जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं
सकाळ-संध्याकाळ रांगेत उभी राहायची,
आणि ते नावापुढे टिंब द्यायचे,
पोरांनासुद्धा, तान्ह्यांनासुद्धा.
हे कौतुक मीही केलंय. पाहुण्यांसमोर.

त्या दिवशी नोटिशीवर शेरा मारला:
दार आढळले नाही.
साहेब हसले. जूनपर्यंत हसले.

जूनमध्ये क्रेन आली.
मी रजेवर नव्हते.
धापूबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही,
ती ऐरण उचलत होती, ऐरण जड असते.
पंचनाम्यासाठी मी मोजत गेले
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा
आणि शेवटच्या गाडीपाशी
तोंडात भलताच शब्द आला,
कुठल्याशा परक्या वाटेवरचा.
गिळला.
कागदावर सात लिहिलं, अंकी आणि अक्षरी.
अक्षर माझंही वळणदार आहे.