तीन पाय

जर्द्याचा पत्र्याचा डबा. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
कडा अजून बोटाला लागतात.
आत नऊ व्होल्टची बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर,
आणि पायाचं बटण, जे सेलूत कुणाकडं नव्हतं,
संभाजीनगरहून एसटीत मांडीवर आलं.

पाय दिला की दिवा लागतो. आवाज नाही.
पाय काढला की गिटार साधी, शहाण्या पोरासारखी.

पाच दिवस मल्टिमीटर टेकवतोय.
इथं बीप. इथंही.
जिथं नको तिथं जास्तच.
एक डाग नखानंच निघाला:
कथील नुसतं वर बसलं होतं, धरलं नव्हतं.

काल संध्याकाळी डबा बोलला.
परभणी आकाशवाणी, बारीक आवाजात,
तूर, सोयाबीन, क्विंटलला इतके.
मी हसलो एकटाच, आणि सुटलेली काळी तार
पत्र्याला डागून टाकली.
बाजारभाव गेले. शांतता राहिली.

संघमित्रा ब्लाऊजला अस्तर लावत होती.
मशीन थांबवून तिनं कागद बघितला, मग डबा.
"यात पाय खालून दाखवलेत. तू वरून मोजायलास.
कापड पालथं बेतलं की डावी बाही
उजवीकडंच जाणार की."

मधला पाय बरोबर होता,
म्हणून तर शंका आली नाही.

कडेचे दोन बदलले. बटण दाबलं.
मांजरपाट एका हिसक्यात टरकावा
तसा सूर फाटला, भांडी थरारली.

"चांगली वाजत होती," ती म्हणाली,
"फाडलीस कशाला?"

आता ती शिवायला बसली की
तिची मोटर माझ्या डब्यात घुमते.
तो दोष मी शोधलेला नाही.