आलेच

जागृतीबेननी मिरजेला फोन लावला,
होणाऱ्या विहिणींना,
आणि स्वतःच्या हिमतीवर म्हणाल्या,
'आम्ही काल येणार.'
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग हळूच, 'काल? काल तर आम्ही घरीच होतो हो.'

तेव्हापासून दांडिया बाजारातल्या माझ्या स्वयंपाकघरात
दर बुधवारी, चारच्या चहाला, वर्ग.
वही शंभर पानी, वर मोर.

मी सांगते, तुमची काले दोन्हीकडे तोंड करून बसते,
गई लावा, आवती लावा, तेव्हा कुठे वळते.
आमच्यात काल गेला तो गेला.
येतो तो उद्या.
त्या लिहितात : उद्या येणार. उद्या येईन.
'फेर शुं?'
येणार म्हणजे तिकीट काढलंय.
येईन म्हणजे मनात आहे,
पुढे गुडघे, पाहुणे, गॅसचा सिलिंडर.
'ने उद्या येते?'
म्हणजे बोलता बोलता पाय चपलेत.

पुढच्या बुधवारी परवा निघाला
आणि मी अडकले.
परवा वांगी आणली. परवा वांगी आणीन.
'आ तो अमारी काल जेवुं ज!'
त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला.
एकतीस वर्षं शाळेत शिकवलेली मी
कपात बघत म्हणाले, क्रियापदावरून कळतं.
'क्रियापद तर छेल्ले येतं,' त्या म्हणाल्या,
'तोपर्यंत माणसाने उभं कुठे राहायचं?'

हेरंब चार वर्षं येईन म्हणतोय.
एवढं प्रोजेक्ट संपलं की. थंडी ओसरली की.
व्याकरणात कुठेही चूक नाही.
हे मी वहीत घातलं नाही.
चहात आलं जास्त झालं होतं, तेवढंच बोललो.

निघायच्या दिवशी सकाळी बेल.
मलाही नेत होत्या, दुभाषी म्हणून.
'टीचर, चालो! मोडुं थाय छे!'
मी आतून ओरडले, आले, आले, आलेच!
केस ओले, निऱ्या हातात,
सेफ्टीपिन दातांत.
दाराबाहेर क्षणभर शांतता.
मग, 'आले? क्यां आले?
आले तर काल झालं ने, टीचर?
तुम्हीच शिकवलं.'
आणि पिशवीतून वही काढल्याचा आवाज.

पिन काढली तोंडातून. दार उघडलं.
लिहा, म्हटलं, जागृतीबेन :
जी बाई अजून घरातच आहे
ती आले म्हणते,
दारातल्या माणसाने
जाऊ नये म्हणून.

त्यांनी जिन्यातच, कठड्यावर वही टेकून लिहिलं.
न चा काना राहिला, तो मी दिला.
खाली रिक्षावाला
हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.